पावणेदोन महिन्यांचं कॉम्प्लेक्स

युसराला खूळ लागलं ते मार्च महिन्यात, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या, गणिताच्या अगदी शेवटच्या तासाला. शरणबसप्पा सरांचं शिकवून झालं होतं, घंटा व्हायला थोडा वेळ उरला होता आणि रिकामं उभं राहणं सरांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी फळ्यावर एक मोठी वाकडीतिकडी आकृती काढली, तिच्या कोपऱ्यात नखाएवढा तुकडा खडूनं भरला आणि म्हणाले, पुढच्या वर्षी कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिस नावाचा विषय येईल. त्यातली फलनं, म्हणजे फंक्शनं, अशा गुणाची असतात, की एवढ्याशा तुकड्यावर ती कशी वागतात हे कळलं की ह्या अख्ख्या मुलखात कशी वागणार ते ठरूनच गेलं. दुसरीकडं वेगळं वागायची त्यांना मुभाच नाही. मग घंटा झाली, सर हात झटकत निघून गेले, पोरं कँटीनकडं पळाली. युसरा मात्र बाकावरच बसून राहिली. भर बाजारात कुणीतरी फुकटात हत्ती द्यावा आणि तो घरी न्यायचा कसा ते सांगू नये, तसं तिचं झालं होतं.

घर तिचं नळदुर्गला. अब्बा, म्हणजे जैनोद्दीन, जत्रांमधून खेळण्यांचं दुकान मांडतात. मार्गशीर्षात अणदूर, पौषात घरचं नळदुर्ग, चैत्रात येरमाळा, असं त्यांचं वर्ष देवांच्या मागं मागं फिरतं. युसरानं त्या संध्याकाळी त्यांना ते फलनाचं सगळं सांगितलं. अब्बांनी भिंगऱ्यांच्या काड्या जुळवत नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, मग अणदूरच्या जत्रेत पोरांनी काय काय मागितलं ते बघून येरमाळ्याच्या पोरांचं सांगता येईल का? युसरा म्हणाली, माणसाची पोरं तेवढी गुणी नसतात. अब्बांना ते पटलं.

सगळा उन्हाळा तिनं ह्याच एका गोष्टीवर काढला. आलेल्या-गेलेल्याला सांगितलं, मावशीला फोनवर सांगितलं, शेजारच्या जमिलाबीला पापड लाटता लाटता सांगितलं. जमिलाबीनं लाटणं थांबवून तिच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

कॉलेज तुळजापूरला. जूनमध्ये ते उघडलं आणि पहिल्याच तासाला सरांनी वर्षाचा बेत मांडला. पेपर चार: रियल अ‍ॅनालिसिस, बीजगणित, कॉम्प्लेक्स आणि ऑपरेशन्स रिसर्च. नव्या धोरणात कुठला पेपर कुठल्या सत्रात घ्यायचा ते विभागानं ठरवायचं होतं, आणि विभाग म्हणजे सरच. पहिल्या सत्रात रियल नि बीजगणित, दुसऱ्यात बाकीचे दोन, असं त्यांनी सांगून टाकलं. आणि त्याच दमात, खिडकी लावून घ्या म्हणावं इतक्या सहज, हेही सांगितलं की ऑक्टोबर अखेरीला आपण निवृत्त होतोय. मग अणदूर, शेत आणि बायको चन्नम्मा. खडूला पुन्हा हात लावायचा नाही. खडूच्या भुकटीनं आयुष्यभर खोकलो, आता स्वच्छ मातीनं खोकीन, म्हणाले.

वर्ग हसला. युसरा हसली नाही, कारण तिचा हिशेब क्षणात झाला होता. कॉम्प्लेक्स दुसऱ्या सत्रात, आणि दुसऱ्या सत्रात सर नाहीत. विभागातली दुसरी जागा कधीपासून रिकामी होती ते कुणालाच आठवत नव्हतं. तासिकेवर येणारे रणधीर सर होते, फार भला माणूस. बीजगणित म्हटलं की त्यांचा चेहरा खुलायचा, पण कॉम्प्लेक्स आपण पाठ करून पास झालोय हे ते स्वतःच सांगायचे. हत्ती दाखवला एकानं आणि माहूत दुसराच, हे युसराला मंजूर नव्हतं. तिला कॉम्प्लेक्स शिकायचं होतं आणि ते शरणबसप्पा सरांकडूनच शिकायचं होतं. बास, एवढंच.

मग क्रम लावायचा धंदा सुरू झाला. अणदूरहून येणारी एस.टी. नळदुर्गला थांबते. तिच्यात अणदूरची हर्षाली बसलेली असायची आणि शेजारच्या सीटवर तिचा स्कार्फ युसरासाठी बसलेला असायचा. दोघी एकाच वर्गात. युसरानं चार पेपरांच्या चार चिठ्ठ्या केल्या आणि रोज मांडीवरच्या सॅकवर त्या वरखाली करत तुळजापूर गाठायची. ह्याच्या आधी ते, त्याच्या आधी हे. कुठूनही सुरुवात करा, रियल कॉम्प्लेक्सच्या वाटेत येऊन बसायचंच, दारात बसलेल्या म्हशीसारखं. एकदा खिडकीतून वारा आला आणि कॉम्प्लेक्सची चिठ्ठी उडून सोयाबीनच्या रानात गेली. हर्षालीनं लांबूनच त्या चिठ्ठीला हात जोडले. मागच्या सीटवरच्या, त्यांच्याच वर्गातल्या दिग्विजयचं मत होतं की सगळ्यांत सोपा पेपर आधी घ्यावा, मार्क खिशात टाकावेत आणि अवघडाचा विचार अवघड वेळी करावा. त्याचं मत त्याच्यापाशीच ठेवायला सांगण्यात आलं.

शेवटी युसरानं सरळ जाऊन सरांना गाठलं. रियल राहू द्या, कॉम्प्लेक्स आधी घ्या, असं तिनं मागितलं. सरांनी नाही म्हटलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, सीमा म्हणजे काय, लिमिट म्हणून जी घेतो आपण ती. युसरा म्हणाली, एखाद्या संख्येच्या जवळ जवळ जाणं. किती जवळ, सरांनी विचारलं. अगदी जवळ, ती म्हणाली. अगदी म्हणजे किती, सरांनी विचारलं. युसरा दोन्ही हातांनी हवेत काहीतरी चिमटीत धरू लागली, आणि चिमटीत काही सापडेना. सर म्हणाले, ही चिमूट भरते रियलमध्ये, ती भरल्याशिवाय कॉम्प्लेक्सला हात घातलास तर नुसतं पाठ करशील.

ती दुसऱ्या दिवशी परत गेली. मग दोन्ही एकदम घ्या, बीजगणित रणधीर सरांना द्या, त्यांना आवडतं. रणधीर सर तिथंच बसले होते, त्यांनी लगेच मान डोलावली. पण सर बधले नाहीत. दोन्ही एकदम सुरू केले तर पहिल्याच दिवशी कॉम्प्लेक्स जे मागणार, ते रियल ऑगस्टमध्ये देणार. तोवर काय त्याला अंगणात उभं करायचं? आणि रियल आधी पुरं करायचं म्हटलं तर ते संपेस्तोवर ऑक्टोबर उलटणार. सरांचं म्हणणं एवढं चोख होतं की युसराला त्यांचा रागही धड येईना. बाहेर येऊन तिनं व्हरांड्याच्या खांबावर राग काढला. खांबाला काही झालं नाही, तिचा अंगठा मात्र ठेचकाळला.

परतीच्या एस.टी.त ती गप्प होती. युसरा गप्प म्हणजे काहीतरी बिघडलंय, हे हर्षालीला कळत होतं, म्हणून तिनं मुद्दाम जुनं भांडण उकरून काढलं. हे भांडण ह्या दोन गावांत पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. खंडोबाची मूर्ती एक आणि देवळं दोन, एक अणदूरला, एक नळदुर्गला. देव वर्षातले सव्वादहा महिने अणदूरला राहतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गला. नळदुर्गची मंडळी अणदूरला जातात, दोन्ही गावांचा करार होतो, मग देवाला वाजतगाजत घेऊन येतात. मुदत भरली की अणदूरची मंडळी येतात आणि तसाच करार करून देवाला परत नेतात. युसराच्या अब्बांचं पौषातलं दुकान त्या पावणेदोन महिन्यांच्या भरवशावर असतं, तेव्हा ह्या विषयात तिचाही अधिकार होता.

"देव आमचाच हाय," हर्षाली म्हणाली. "तुमाला म्हनून पावणेदोन म्हयने उसना देतो."

"उसना कशाचा? करार हाय," युसरा म्हणाली. "आन तेवढ्या दिवसांत आमी जी जत्रा करतो, ती तुमच्या सव्वादहा म्हयन्यांत होत न्हाई."

"मग अर्ध्यातनं उठून तुमच्याकडं येतो म्हनून आमी काय देऊळ मोडून टाकतो का? परत येतोय की."

ह्यावर युसरानं काहीतरी झणझणीत म्हणायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. अर्ध्यातून उठून येतो. परत येतो. ती उभी राहिली. एस.टी. चालू होती. वरच्या दांड्याला डोकं आपटलं, तरी ती उभीच राहिली आणि म्हणाली, आपण सगळे येडे आहोत, सरांसकट. एका विषयाचं पार शेवटचं पान होईस्तोवर दुसऱ्याचं पहिलं उघडायचं नाही, हे सांगितलं कुणी? देव अणदूरचं वर्ष पुरं करून मगच नळदुर्गला यायचा म्हटला असता तर आमच्याकडं कधी आलाच नसता. रियल सुरू करायचं. चिमूट भरली, त्या न संपणाऱ्या बेरजांच्या मालिका झाल्या, की रियल तिथंच थांबवायचं. मग कॉम्प्लेक्स आणायचं वाजतगाजत. आणि मग परत रियल. कंडक्टर व्यंकटराव तिकिटांचं मशीन घेऊन आले आणि खाली बसा म्हणाले. ती बसली, पण तिचे पाय बसायला तयार नव्हते, ते नळदुर्गपर्यंत नाचतच होते. हर्षालीचा हात धरून ती इतकी हसली की पुढच्या सीटवरच्या बाईनं उगाचच आपल्या पोराला मांडीवर ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तास सुरू व्हायच्या आत तिनं सगळं सरांपुढं मांडलं. सर खुर्चीत बसून ऐकत होते. ऐकता ऐकता उठले, फळ्यापाशी गेले, काहीतरी मोजू लागले. अनुक्रम, सातत्य, एकसमान अभिसरण, मालिका. एवढं ऑगस्टअखेर, फार तर त्याच्यापुढं आठवडाभर. मग ऑक्टोबर संपेस्तोवर उरतात किती? त्यांनी बोटं मोजली आणि स्वतःशीच हसू लागले. आले पावणेदोन महिने. बरोबर देवाएवढे. सर स्वतः अणदूरचे, लहानपणापासून त्या पालखीमागं चाललेले, आणि ही गोष्ट आपल्याला सुचू नये याचं त्यांना इतकं नवल वाटलं की त्यांनी दोनदा चष्मा पुसला.

पण पुसता पुसता त्यांचा हात थांबला. रियलचा अर्धा भाग मागं राहतो. तो नोव्हेंबरात पुरा व्हायला हवा, डिसेंबरात परीक्षा. आणि नोव्हेंबरात मी नाही.

हर्षाली सहसा वर्गात बोलत नाही, पण ती उठून उभी राहिली.

"सर, तुमी तर अणदूरचेच. देव नळदुर्गहून निघाला की कुठं येतो?"

सरांनी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकोन आखला, वर लिहिलं 'करार, पुसू नये' आणि खाली तीन ओळी लिहिल्या. एक, रियल, मालिकांपर्यंत. दोन, कॉम्प्लेक्स, पावणेदोन महिने. तीन, परत. तिसऱ्या ओळीपुढं त्यांनी काहीच लिहिलं नाही. हर्षालीनं पुढं काय असं विचारलं, तर म्हणाले, बघू, खडूला हात लावणार नाही हे मी चन्नम्माला सांगून बसलोय.

तिसरी ओळ रिकामी राहिली तरी पहिल्या दोन ओळी युसराला पुरेशा होत्या. तिनं रियल असं खाल्लं की बघणाऱ्याला वाटावं ही मुलगी दुष्काळातून आलीय. किती जवळ, असं कुणी विचारलं की तू सांग किती, मी त्याहून जवळ येऊन दाखवते, असं उत्तर ती आता भाजीवालीलाही देऊ लागली. सप्टेंबरात एका सकाळी सर वर्गात आले तेव्हा दिग्विजयनं कुठून तरी आणलेली हलगी बाकावर ठेवून दोन टिपऱ्यांनी वाजवली. कॉम्प्लेक्स आलं. सर रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी हलगी नीट ऐकून घेतली, आणि मगच फळ्यावर पहिली ओळ लिहिली.

त्या पावणेदोन महिन्यांबद्दल युसराला विचारलं तर ती आजही धड सांगू शकत नाही. वर्तुळाभोवती एक फेरी मारून यायचं आणि आत काय दडलंय ते बाहेरूनच सांगायचं. आत पाऊलही न टाकता! सर खोकत होते, लिहीत होते, पुसत होते आणि पुन्हा लिहीत होते. त्यांची पांढरी बाही आणखी पांढरी होत होती. दिवाळीच्या सुट्टीतसुद्धा मुलं आपणहून आली. सोपा पेपर आधी म्हणणारा दिग्विजयही आला, शंकरपाळ्यांचा डबा घेऊन. आणि सगळ्यांत शेवटी, ऑक्टोबरच्या शेवटच्या तासाला, सरांनी मार्चमधली ती वाकडीतिकडी आकृती पुन्हा काढली, कोपऱ्यातला नखाएवढा तुकडा भरला, आणि ह्या वेळी सिद्ध करून दाखवलं. शेवटची ओळ आली तेव्हा युसराच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडभर हसू होतं. हत्ती घरी आला होता.

मग निरोपसमारंभ झाला. शाल, नारळ, भाषणं. सर भाषणात पावसाबद्दल बोलले, तुरीबद्दल बोलले, तिसऱ्या ओळीबद्दल काही बोलले नाहीत. जाताना त्यांनी वर्गात डोकावून कोपऱ्यातल्या कराराकडं एकदा बघितलं आणि बसस्टँडकडं निघून गेले.

नोव्हेंबर आला. नवं कुणी आलं नाही. रणधीर सरांनी रियलचं पुस्तक उघडून दोन दिवस प्रामाणिक खटपट केली आणि तिसऱ्या दिवशी प्रामाणिकपणे मिटवलं. मुलं रिकामा फळा बघत बसू लागली. युसराला पहिल्यांदाच भीती वाटली. आपण हट्ट करून कॉम्प्लेक्स आणलं आणि त्यापायी सगळ्या वर्गाचं रियल अर्ध्यात सोडलं. देव आणला खरा, पण परत न्यायला कुणी आलंच नाही तर तो करार कसला? तिला जेवण जाईना. अब्बांनी विचारलं तेव्हा तिनं सगळं सांगितलं. अब्बा अणदूरच्या जत्रेसाठी भोवरे मोजून गोणीत भरत होते.

"परत न्यायला कुणी येत न्हाई, तर आपण पोचवायचं," ते म्हणाले. "नळदुर्गवाले काय देव ठेवून घेतात व्हय?"

तेव्हा रविवारी सकाळी सगळा वर्ग उलट्या दिशेच्या एस.टी.त बसला. कुणाला कळवलं नव्हतं, कळवलं तर सर नाही म्हणतील अशी धास्ती होती. अणदूरला उतरल्यावर हर्षाली पुढं आणि बाकीचे मागं, असे ते शेताच्या वाटेनं निघाले. तुरीच्या ओळींमधून जाताना युसराला वाटत होतं, आपण म्हाताऱ्या माणसाला त्याचा शब्द मोडायला लावायला निघालोय, आणि तरी पाय काही थांबत नव्हते.

वस्तीवर चन्नम्मा काकू अंगणात धान्य पाखडत होत्या. पोरांचा घोळका बघून त्यांनी सूप खाली ठेवलं.

"आलात का एकदाचे," त्या म्हणाल्या. "आठवडा झाला, हे वाटेकडंच बघत बसलेत. कालपासनं जेवताना बी तोंड रस्त्याकडं."

आतून सरांचा आवाज आला, कोण आलंय म्हणून. तो इतका कोरा ठेवलेला होता, की कोण आलंय ते त्यांना पक्कं माहीत असल्याचं कुणालाही कळलं असतं. काकूंनी बोट दाखवलं, तिकडं गोठ्याकडं बघा, म्हणाल्या. गाय बांधायची कुठं ते आता तुमच्या सरांनाच विचारा.

गोठ्याचं मोठं लाकडी दार काळ्याभोर रंगानं रंगवलं होतं, वरपासून खालपर्यंत, चांगले दोन हात देऊन. त्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकोन आखला होता. 'करार, पुसू नये.' खाली त्या तीन ओळी, सरांच्या अक्षरात, वर्गातल्यासारख्याच. युसरानं तिसरी ओळ वाचली, मग हर्षालीचा दंड घट्ट धरला आणि पुन्हा वाचली. 'परत, मुक्काम अणदूर, शरणबसप्पांच्या गोठ्यात. खडू पोरांनी आणावा.'

खडू कुणीच आणला नव्हता. सगळे एकमेकांकडं बघू लागले. तोवर सर बाहेर आले होते, धोतर आणि बंडीत, पहिल्यांदाच खडूच्या भुकटीशिवाय. पोरांचे उतरलेले चेहरे त्यांनी बघितले, मग बंडीच्या खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात. मग काकूंकडं चोरून बघत कनवटीला हात घातला आणि एक अख्खा, न वापरलेला खडू काढला.

युसराला हसू आवरेना. ती तिथंच शेणानं सारवलेल्या जमिनीवर फतकल मारून बसली आणि सर लिहू लागले.